पुस्तक मिटा आणि नकाशा काढा



पहाटेची पी.टी., दिवसभराचे तास, मग मैदान, आंघोळ, फॉल इन, आणि त्यानंतर संध्याकाळचा प्रेप. वही उघडून बसता तेव्हा तुमचे अंग निम्मे थकलेले असते. घरी राहून शिकणाऱ्या मुलाला रात्री उशिरापर्यंत जागता येते किंवा शिकवणीला जाता येते. तुम्हाला लाइट्स ऑफच्या आत जे होईल तेवढाच अभ्यास. म्हणून किती तास बसलात यापेक्षा त्या वेळात काय केलेत, हा प्रश्न आपल्या शाळेत जास्त महत्त्वाचा आहे.

मी सामाजिक शास्त्रे शिकवतो. प्रेपच्या ड्यूटीला वर्गांतून फिरताना बहुतेक बाकांवर एकच दृश्य दिसते. पुस्तक उघडे, हातात पिवळा हायलायटर, आणि तोच धडा तिसऱ्यांदा वाचणे चाललेले. तिसऱ्या वाचनाला सगळे ओळखीचे वाटते आणि 'झाला धडा' म्हणून पुस्तक मिटते. आठवड्याने चाचणीत तोच प्रश्न आला की पेन अडते. आपल्याकडे याला 'पुढचे पाठ, मागचे सपाट' म्हणतात. वाचलेले ओळखता येणे आणि न बघता सांगता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेला दुसरी लागते. ती कमावण्याचे एक साधे साधन म्हणजे माइंड मॅप. मात्र ते वापरण्याची एक रीत आहे. ती चुकली तर माइंड मॅप हा हायलायटरचाच रंगीत भाऊ ठरतो.

माइंड मॅप म्हणजे काय?

कोरा कागद आडवा धरा. मधोमध विषयाचे नाव लिहून त्याभोवती गोल काढा. त्यातून विषयाचे मुख्य भाग फांद्यांसारखे बाहेर काढा. प्रत्येक फांदीवर एक-दोन शब्दच लिहा, वाक्य नको. फांदीला उपफांद्या फोडा. दोन फांद्यांमध्ये नाते दिसले तर आडवा बाण काढून जोडा. झाला माइंड मॅप. महाराष्ट्रातील शाळांतून आलेल्या मुलांना 'संकल्पनाचित्र पूर्ण करा' हा स्वाध्याय आठवत असेल. तो याच कुळातला.

हे नाव जगभर पोचवले टोनी ब्यूझन या ब्रिटिश लेखकाने. 1974 साली बीबीसीवर त्यांची अभ्यासकौशल्यांवरची मालिका आली आणि तेव्हापासून 'माइंड मॅप' हा शब्द रूढ झाला. त्याच दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी 'कन्सेप्ट मॅप' ही जवळची पद्धत विकसित केली. तिच्यात दोन कल्पनांना जोडणाऱ्या रेषेवर त्यांचे नातेही शब्दांत लिहितात. आपल्याला दोन्हींतले उपयोगाचे तेवढे घ्यायचे आहे. पहिल्यातून फांद्या, दुसऱ्यातून रेषेवरचे शब्द.

उघड्या पुस्तकाचा धोका

आता मुद्द्याची गोष्ट. 2011 साली 'सायन्स' या नियतकालिकात पर्ड्यू विद्यापीठातील जेफ्री कार्पिकी आणि जॅनेल ब्लंट यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना विज्ञानाचा उतारा वाचायला दिला होता. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी उतारा समोर ठेवून त्याचा कन्सेप्ट मॅप काढला. काहींनी उतारा बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढे लिहून काढले, मग पुन्हा वाचून पुन्हा लिहिले. आठवड्याने सगळ्यांची परीक्षा घेतली. न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. नकाशा काढणारे त्यांच्या मागे राहिले. आणखी एक गंमत अशी, की सर्वांत जास्त लक्षात राहील असे विद्यार्थ्यांना वाटले होते ते पुन्हा पुन्हा वाचण्याने.

मग माइंड मॅप टाकून द्यायचा का? नाही. याच दोघांनी 2014 साली पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात नकाशाही उतारा बाजूला ठेवून, आठवून काढायला सांगितला. तेव्हा नकाशाने परिच्छेद लिहिण्याइतकेच चांगले काम केले. गुण कागदावरच्या आकृतीत नव्हता, आठवण्याच्या खटपटीत होता. पुस्तकात बघून काढलेला नकाशा ही सुंदर नक्कल असते. मिटलेल्या पुस्तकाने काढलेला नकाशा ही तुमची स्वतःची चाचणी असते, आणि ती कोणी गुण कापायच्या आत होते.

पद्धत : चार टप्पे

पहिला टप्पा, धडा एकदा नीट वाचा. समजून घ्या. पेन हातात नको.

दुसरा टप्पा, पुस्तक मिटून बॅगेत टाका. दहा मिनिटे घड्याळ लावा आणि निळ्या पेनाने आठवेल तेवढा नकाशा काढा. अडलात तरी पुस्तक काढू नका. दोन मिनिटे डोके खाजवा. ती दोन मिनिटे वाया जात नाहीत.

तिसरा टप्पा, पुस्तक उघडा. जे राहिले ते लाल पेनाने भरा, जे चुकले त्यावर लाल रेघ मारून दुरुस्त करा. लाल जिथे जास्त, तिथे तुमचा कच्चा भाग. उद्याच्या प्रेपची सुरुवात तिथून.

चौथा टप्पा, तोच नकाशा तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा कोऱ्या कागदावर काढा. जुना बघायचा नाही. शिकलेले पहिल्या काही दिवसांतच भराभर गळते, हे जर्मन संशोधक हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते. विसरायच्या बेतात असताना पुन्हा आठवले की ते अधिक पक्के बसते. प्रत्येक फेरीला लाल शाई कमी होत गेली की समजा, धडा तुमचा झाला.

स्केचपेन आणि चित्रे यांच्या मागे प्रेपचे चाळीस मिनिटे घालवू नका. नकाशा भिंतीवर लावायचा नाही. रफ वहीचे मागचे पान पुरते.

एक उदाहरण : 1971 चे युद्ध

विजय दिवसाच्या आधी बारावीच्या वर्गात मी हा विषय घेतला. दुसऱ्या दिवशी सर्वांना कोरा कागद दिला आणि मधोमध '1971' लिहायला सांगितले. एका कॅडेटचा कागद मला अजून आठवतो. 'युद्ध' या फांदीवर त्याने खूप काही लिहिले होते. 3 डिसेंबरला पाकिस्तानी हवाई दलाचे आपल्या विमानतळांवरील हल्ले, लोंगेवाला, नौदलाचा कराचीवरील हल्ला, 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती, लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा आणि लेफ्टनंट जनरल नियाझी, सुमारे 93,000 युद्धकैदी. सगळे बरोबर. 'कारणे' या फांदीवर मात्र एकच शब्द होता, 'निर्वासित', आणि पुढे पांढरा कागद.

त्याला मी काही सांगितले नाही. त्याने स्वतःच कागदाकडे बघितले आणि म्हणाला, "सर, युद्ध कसं झालं ते येतंय, का झालं ते येत नाही." हे वाक्य त्याला पूर्वपरीक्षेनंतर उत्तरपत्रिका बघून सुचले असते. इथे ते दहा मिनिटांत कळले, तेही परीक्षेला अडीच महिने असताना.

मग आम्ही सर्वांनी मिळून फळ्यावर नकाशा उभा केला. मुख्य फांद्या पाच : कारणे, तयारी, भूगोल, युद्ध, परिणाम. 'कारणे'मध्ये 1970 च्या निवडणुकीतील अवामी लीगचे बहुमत, सत्ता देण्यास नकार, 25 मार्च 1971 च्या रात्री सुरू झालेली लष्करी कारवाई, भारतात आलेले सुमारे एक कोटी निर्वासित. 'तयारी'मध्ये मुक्तिवाहिनीला मदत, 9 ऑगस्टचा भारत-सोव्हिएत करार, सैन्याची जमवाजमव. 'भूगोल'मध्ये पद्मा, मेघना, जमुना या नद्या, पावसाळा, हिमालयातल्या खिंडी. 'परिणाम'मध्ये बांगलादेश आणि 2 जुलै 1972 चा सिमला करार.

इथवर नुसती यादी झाली. खरा अभ्यास त्यानंतर सुरू झाला. मी विचारले, "निर्वासित एप्रिलपासून येत होते, मग सैन्य डिसेंबरपर्यंत का थांबले? उत्तर फळ्यावरच आहे, बाण काढून दाखवा." एका मुलीने 'पावसाळा' पासून 'युद्ध' पर्यंत बाण काढला आणि त्यावर लिहिले, 'नद्यांना पूर, रणगाडे अडतील'. दुसऱ्याने 'खिंडी'पासून बाण काढून लिहिले, 'हिवाळ्यात बर्फ, चीनला येणे अवघड'. तिसऱ्याने 'तयारी'पासून बाण आणला. चौथ्याने 'मेघना'पासून थेट 'युद्ध'कडे रेघ ओढून लिहिले, 'पूल नाही म्हणून हेलिकॉप्टर'. लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांच्या चौथ्या कोअरने मेघना नदी हेलिकॉप्टरने सैनिक नेऊन ओलांडली, ती ही घटना. तोपर्यंत ती त्यांच्या वहीत एकटी पडलेली होती. बाण आल्यावर तिला कारण मिळाले.

म्हणून माझा नियम असा आहे की नकाशात निदान तीन आडवे बाण हवेत आणि प्रत्येक बाणावर 'का' याचे उत्तर दोन-तीन शब्दांत हवे. फांद्या पाठांतराने येतात. बाण समजल्याशिवाय येत नाहीत. दीर्घोत्तरी प्रश्नाचे गुण याच बाणांना मिळतात.

कोणत्या भाषेत?

आपल्या शाळेत देशाच्या कानाकोपऱ्यातून मुले येतात. सहावीत येणारी कित्येक मुले मराठी, हिंदी किंवा कन्नड माध्यमातून आलेली असतात आणि इथे एकदम सगळे विषय इंग्रजीतून. अशाच एका मराठी माध्यमातून आलेल्या छोट्या कॅडेटने विज्ञानाच्या पहिल्या चाचणीत अर्धी पाने कोरी सोडली होती. मूल कच्चे आहे, असा आमच्या स्टाफरूममध्ये सूर होता. घरी पत्र पाठवण्याची भाषाही झाली. माझ्या सहकारी विज्ञान शिक्षिकेने त्याला वनस्पतींच्या धड्याचा नकाशा मराठीत काढायला सांगितला. पोराने प्रकाशसंश्लेषण, हरितद्रव्य, पर्णरंध्रे, कार्बन डायऑक्साइड, ग्लुकोज असे सगळे फांद्यांवर बरोबर मांडले. बाणसुद्धा बरोबर. त्याच्याकडे ज्ञान होते, इंग्रजी शब्द नव्हते. दोन वेगळ्या आजारांना एकच औषध देण्याची वेळ टळली. पुढचे काही आठवडे तो प्रत्येक मराठी शब्दाखाली हिरव्या शाईने इंग्रजी शब्द लिहीत गेला. वर्षाअखेरीस मराठी शब्द आपोआप गळून पडले.

तेव्हा पहिला नकाशा ज्या भाषेत आठवते त्या भाषेत काढा. दुसऱ्या फेरीपासून परीक्षेच्या भाषेतले शब्द शेजारी लिहा. लाज वाटायचे कारण नाही.

एन.डी.ए. आणि एस.एस.बी.साठी

एन.डी.ए.च्या लेखी परीक्षेत गणित 300 गुणांचे आणि सामान्य क्षमता चाचणी 600 गुणांची असते. या दुसऱ्या पेपरमध्ये इंग्रजीचे 200 गुण सोडले तर उरलेल्या 400 गुणांत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, सामान्य विज्ञान, इतिहास, भूगोल आणि चालू घडामोडी एकत्र येतात. एवढा पसारा सुट्या नोट्समध्ये सांभाळता येत नाही. प्रत्येक प्रकरणाचा एक पानी नकाशा असेल तर शेवटच्या पंधरवड्यात रोज आठ-दहा नकाशे कोऱ्या कागदावर आठवून काढता येतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, त्यामुळे आपल्याला काय नक्की येते आणि काय नुसते ओळखीचे वाटते हे आधी माहीत असणे तिथे फार कामाचे.

एस.एस.बी.च्या लेक्चरेटमध्ये कार्डावरच्या चार विषयांपैकी एक निवडायचा, तीन मिनिटे तयारी आणि तीन मिनिटे बोलणे. तिथे संपूर्ण भाषण पाठ करणारा अडखळतो. मनात मधला गोल आणि चार फांद्या धरणारा अडखळला तरी पुढच्या फांदीवर जातो. नुकतेच शिकलेल्या धड्यावर डॉर्ममधल्या मित्रांसमोर रोज तीन मिनिटे अशी बोलायची सवय आठवीपासूनच लावा.

सहकारी शिक्षक आणि प्रशिक्षकांसाठी

तयार नकाशा छापून वाटण्याचा मोह टाळावा. दुसऱ्याचा नकाशा वाचणे म्हणजे पुन्हा उघडे पुस्तक वाचणेच. आपण सँड मॉडेलवर ब्रीफिंग शिकवतो तेव्हा कॅडेटला स्वतः भूभाग उभा करायला लावतो, कारण टेकडी हाताने रचल्यावर ती विसरत नाही. वर्गातही तेच करावे. चाळीस मिनिटांच्या तासातली शेवटची सात मिनिटे कोऱ्या कागदासाठी राखावीत. पुढच्या तासाची पहिली तीन मिनिटे तोच नकाशा पुन्हा. दहा मिनिटे जातात खरी, पण धडा दुसऱ्यांदा शिकवण्याचे कितीतरी तास वाचतात.

लहान वर्गांना मधला गोल आणि मुख्य फांद्यांची नावे देऊन उरलेले भरायला सांगावे. मोठ्या वर्गांत चार जणांच्या गटाने आपापले नकाशे एकत्र करून एक करावा. एखादा मुद्दा कोणत्या फांदीवर बसवायचा यावर त्यांचे भांडण झाले तर ते होऊ द्यावे. त्या भांडणात जे शिकून होते ते आपल्या व्याख्यानाने होत नाही. आणि नकाशांना सुबकतेचे गुण देऊ नयेत. वर्गातले तीस कागद भराभर चाळले की लाल शाई कुठे साचली आहे ते दिसते. वीस मुलांच्या कागदावर एकच फांदी रिकामी असेल, तर तो भाग पुन्हा शिकवायला हवा.

पालकांसाठी

आठवड्यातून एकदा तुमचा फोन येतो. "अभ्यास झाला का?" या प्रश्नाला सगळी मुले "हो" म्हणतात. त्याऐवजी विचारा, "या आठवड्यात कोणता नकाशा काढलास? त्यातली एक फांदी मला सांग." तुम्हाला तो विषय येत नसला तरी बिघडत नाही, उलट बरेच. आजीला किंवा बाबांना समजेल असे सांगताना मुलाला स्वतःलाच कळते की आपण कुठे अडतो. सुट्टीत मूल घरी आले की सगळी पुस्तके पुन्हा वाचून घेण्याचा आग्रह नको. रोज एक जुना नकाशा कोऱ्या कागदावर, दहा मिनिटे. मग खुशाल खेळू द्या.

हे साधन कुठे चालत नाही

गणिताची उदाहरणे सोडवण्याला पर्याय नाही. त्रिकोणमितीची सूत्रे आणि त्यांची नाती नकाशात छान बसतात, पण उदाहरण हाताने सोडवल्याशिवाय हात बसत नाही. सिद्धता आणि प्रयोगाची कृती क्रमाने येते, तिला ओघतक्ता बरा. कविता किंवा व्याख्या शब्दशः हवी असेल तर पाठांतरच करावे लागते. आणि सात-आठपेक्षा जास्त मुख्य फांद्या झाल्या की समजा, विषय दोन कागदांत विभागायची वेळ झाली.

आता काम. उद्याच्या प्रेपला सर्वांत नकोसा वाटणारा एक धडा निवडा. एकदा वाचा, पुस्तक बॅगेत टाका, दहा मिनिटे निळे पेन, पाच मिनिटे लाल पेन. कागदावर तारीख घाला. पुढच्या शनिवारी तोच नकाशा पुन्हा काढा आणि दोन्ही कागद मला स्टाफरूममध्ये आणून दाखवा. पहिल्या कागदावर लाल शाई भरपूर असली तरी चालेल, मी दुसरा कागद आधी बघणार आहे.